दिवसाउजेडी पाणी

मी, खाली सही करणारी, वय सत्तरीच्या पुढे, धंदा कपडे धुणे व इस्त्री (आता बंद), या गल्लीत लॉन्ड्रीवाल्या काकू म्हणून ओळखली जाणारी, हे माझे अखेरचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे शाबूत नाहीत, पण त्यांची सही लागत नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. ‘‘असलं काही लिहू नकोस, आई,’’ असा दबाव मुलीने फोनवरून आणून पाहिला, तो मी जुमानला नाही. वकीलबाईंनी दोन पानांचा नेटका मसुदा करून दिला होता. त्यात कोणाला काय ते होते, का ते नव्हते. ‘का’ लिहिल्याशिवाय मुलीला पटणार नाही आणि मुलाला कळणार नाही, म्हणून मी नव्याने लिहायला बसले. कलमे कायद्याला धरून आहेत हे वकीलबाईंनी तपासले आहे. बाकीच्याबद्दल त्या म्हणाल्या, ‘‘काकू, हे मृत्युपत्रात कोणी लिहीत नाही.’’ मी विचारले, ‘‘मग कुठे लिहितात?’’ त्यावर त्यांनी पेनाचे टोपण लावले.

कलम पहिले. याआधी केलेले माझे मृत्युपत्र मी रद्द करते. ते मुलगा तुरुंगात असताना केले होते. त्यात सगळे मुलीला होते आणि मुलाचा उल्लेखही नव्हता. वाचणाऱ्याला वाटावे, या बाईला एकच अपत्य. तेव्हाचे वकील म्हणाले होते, ‘‘वगळायचं असेल तर तसं स्पष्ट लिहा.’’ पण तसे लिहायला त्याचे नाव लिहावे लागले असते, आणि तेवढेही माझ्या हातून झाले नाही.

कलम दुसरे. माझे घर, म्हणजे वरच्या दोन खोल्या, खालचे लॉन्ड्रीचे दुकान, मागची धुण्याची टाकी आणि पुढची रस्त्यालगतची बाग तारेच्या कुंपणासह, मी माझ्या मुलाला देत आहे. संपूर्ण देत आहे, त्यात कोणाचा वाटा नाही.

आता का, ते सांगते. मुलगा लॉन्ड्रीची गाडी चालवायचा. हॉस्पिटलच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल आणून पोचवायचे काम त्याचे. एका संध्याकाळी मित्राकडे पिऊन तो तसाच गाडीवर बसला आणि आमच्याच रस्त्याच्या कोपऱ्यावर सायकल दुरुस्तीच्या दुकानावर गाडी घातली. सायकलवाला पायरीवर बसून पंक्चर काढत होता. तो वाचला. त्याचा डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला. मुलाला शिक्षा झाली ती रास्तच होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मी मात्र त्या माणसाला भेटायला गेले नाही. तो हॉस्पिटलात होता तेव्हा नाही, घरी आला तेव्हाही नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता इतका उशीर झाला की मग कोणत्या तोंडाने जायचे, असे झाले. त्याच्या दुकानावरून जावे लागू नये म्हणून मी मागच्या गल्लीने ये-जा सुरू केली. सकाळी दुकान उघडायला निघालेल्या सायकलवाल्याच्या कुबडीचा आवाज रस्त्यावर आला की मी खिडकीचा पडदा ओढून घ्यायचे. उभ्या आयुष्यात लोकांचे मळके कपडे हाताळताना मला कधी कसली लाज वाटली नव्हती. त्या आवाजाने मात्र मी स्वतःच्या घरात चोरासारखी बसायचे.

कलम तिसरे. बाग, आणि तिला पाणी घालण्याची रीत.

दुकान बंद पडल्यावर कपडे वाळत घालायच्या तारांखाली मी टोमॅटोची रोपे लावली. ऊन तिथे भरपूर. रोपे वाढली की सुतळीने वरच्या तारांना बांधायची. गुडघे चालत होते तोवर मी स्वतः करत होते. मग मुलगा सुटून आला. आल्यावर काही दिवस तो वरच्या खोलीत बसून होता. एकदा म्हणाला, ‘‘आई, तुला वाकवत नाही. पाणी मी घालू का?’’

मी म्हटले, ‘‘घाल. पण अंधार पडल्यावर.’’

‘‘बरं.’’

‘‘आणि बाहेरचा दिवा लावू नकोस.’’

त्याने का म्हणून विचारले नाही. तो रोज दिवेलागण झाल्यावर पाइप घेऊन बाहेर जाई. रस्त्याने कोणी आले तर पाइप तिथेच टाकून आत येई. घरी कोणी आलेले असले तर मी त्याला जिन्यावरच थांबवी, त्या दिवशी पाणी चुके, आणि दुसऱ्या दिवशी बुंध्याशी तळे साचेपर्यंत पाणी होई. अंधारात बुंधा दिसत नसे, त्यामुळे सगळी झाडे वरून भिजत आणि रात्रभर ओली राहत. पानांवर तपकिरी ठिपके आले. खालची पाने करपून लोंबू लागली. फळे धरली ती एक तर तडकली, नाहीतर बुडाशी काळी पडली. मला वाटले, बियाणेच खराब.

मी एक पान आणि एक टोमॅटो पिशवीत घालून रोपवाटिकेत गेले. अर्थात मागच्या गल्लीने. तिथल्या बाईने पान उलटसुलट करून पाहिले.

‘‘पाणी कधी घालता, मावशी?’’

‘‘संध्याकाळी. म्हणजे, अंधार पडल्यावर.’’

‘‘ते का?’’

‘‘दिवसा वेळ नसतो,’’ असे मी म्हणाले. माझ्यासारख्या रिकाम्या बाईला दिवसा वेळ नसतो!

‘‘सकाळी घाला,’’ ती म्हणाली. ‘‘बुंध्याशी आळं करा, त्यात सावकाश घाला, पानं कोरडी राहू देत. आणि एक दिवस उपास, एक दिवस पंगत, असं नको. फळ फुटणार नाही तर काय होईल?’’

घरी येऊन मी हे मुलाला सांगितले. तो जेवत होता. खाली बघूनच म्हणाला, ‘‘माहीत आहे मला. तुरुंगात मी भाजीच्या वाफ्यांवर कामाला होतो.’’

‘‘तुला माहीत होतं? मग बोलला का नाहीस?’’

‘‘तू अंधारात म्हणालीस ना.’’

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला सोपे गेले असते. मी त्याला झाकून ठेवते आहे हे त्याला पहिल्या दिवसापासून कळले होते. आईला आपली लाज वाटते, तर वाटू दे, असे समजून तो रोज अंधारात झाडे बिघडवत होता. मी उठून भांडी घासायला गेले. स्वच्छ भांडीसुद्धा घासली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो झारी घेऊन बागेत उतरला. मी खिडकीशी उभी राहिले. रस्त्यावरून कुबडीचा आवाज आला. मुलाने मान वर करून खिडकीकडे पाहिले. मी नुसती खूण केली असती तर तो आत आला असता. माझा हात उचललाही गेला होता. तो मी पडद्यावर गच्च धरून ठेवला.

सायकलवाला कुंपणाशी थांबला. मुलगा उभा राहिला. झारीतले पाणी त्याच्या चपलेवर गळत होते. मग सायकलवाला पुढे गेला. मुलाने राहिलेल्या झाडांना पाणी घातले आणि वर येऊन बराच वेळ हात धूत बसला.

असे रोज होऊ लागले. झाडांना नवी पालवी फुटली तरी दोघांत एक शब्द नव्हता. मग एका सकाळी सायकलवाल्याने हाक मारली. ‘‘तुझी आई आहे ना घरात? बोलाव तिला.’’

मी खाली गेले. इतक्या वर्षांत त्याला जवळून पाहिले नव्हते. केस पिकले होते.

‘‘काकू, माझ्या दुकानावरून जायचं तुम्ही का सोडलंत?’’

‘‘लाज वाटायची,’’ मी म्हणाले.

‘‘लाज?’’ तो माझ्याकडे बघतच राहिला. ‘‘मला वाटायचं, माझा पाय बघून तुम्हाला किळस येते. मी दिसलो की पडदा ओढता. बायकोला म्हणायचो मी, काकूंना माझं तोंड बघवत नाही. जसं काही मीच त्यांच्या मुलाला आत घातलं.’’

इतकी वर्षे मी माझीच लाज कुरवाळत बसले होते. ती खिडकीतून त्याला कशी दिसत असेल, हे माझ्या मनात एकदाही आले नाही. मी हात जोडले. तो म्हणाला, ‘‘हात नका जोडू. आणि मी याला माफ केलं असंही समजू नका. ते मला जमायचं नाही. पण लपून होता ना, तेव्हा रात्री डोळ्यांपुढे मोठा राक्षस यायचा. इथे वाकून पाणी घालताना दिसतो तेव्हा माणसाएवढाच दिसतो. तेव्हा सकाळी घालू दे त्याला.’’

यावरून माझी अशी इच्छा होती की घराबरोबर अट घालावी: टोमॅटोला पाणी सकाळी, बुंध्याशी, सावकाश, रोज सारखे, आणि रस्त्यावरून दिसेल असे घालावे. वकीलबाई म्हणाल्या, अशी अट टिकत नाही, इच्छा लिहा. म्हणून इच्छा लिहिली. आळ्यात सुका पाचोळा घालावा, ओल टिकते. बोट मातीत खुपसून पाहावे. ओल लागली तर उगाच पाणी ओतू नये.

कलम चौथे. बँकेतली ठेव आणि माझ्या वडिलांची पितळी इस्त्री माझ्या मुलीला. बाळ, तू रागावशील. मागच्या मृत्युपत्रात घर तुझे होते हे तुला ठाऊक आहे. तुझा भाऊ जहाजावर नोकरीला असतो, असे तू सासरी सांगितलेस. ती थाप माझी. मीच तुला ती फोनवर शब्द न् शब्द पढवली. तुझ्या सासूबाई अजून मला विचारतात, ‘‘जहाज सध्या कुठं आहे?’’ आणि मी बंदरांची नावे सांगत आले. एकदा तर वादळही सांगितले. तू भावाला घरी बोलवत नाहीस याचा दोष मी तुला देत नाही. लपवायला तू माझ्याकडून शिकलीस. आता सासूबाईंना खरे सांग. सांगवत नसेल तर हे पान वाचायला दे.

कलम पाचवे. शेजारच्या मास्तरांनी नेलेली शिडी मी मास्तरांनाच देत आहे, म्हणजे ती परत न करण्याचे त्यांचे कष्ट वाचतील.

कलम सहावे. ज्या हॉटेलच्या मॅनेजरने अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी ‘‘यापुढे चादरी तुमच्याकडे नकोत’’ असे नोकराकरवी कळवले, त्याच्यावरचा राग मी कोणाच्याही नावे करत नाही. तो माझ्याबरोबर संपेल. त्याच्या जागी मी असते तर मीही नोकरालाच पाठवले असते.

कलम सातवे. मला नेताना पुढच्या रस्त्याने न्यावे. मागच्या गल्लीने नेऊ नये. तिथून मी पुष्कळ हिंडले आहे.

कलम आठवे. हे कलम बदललेले आहे. आधी असे होते की खालचे दुकान सायकलवाल्याला द्यावे. त्याच्या दुकानाला पायऱ्या आहेत, माझे जमिनीलगत आहे, कुबडीने चढायला नको. हे सांगायला मी अपघातानंतर पहिल्यांदा पुढच्या रस्त्याने त्याच्या दुकानात गेले. त्याने ऐकून घेतले आणि हातातले चाक फिरवत विचारले, ‘‘साक्षीदार मिळाले का?’’

‘‘एक मिळाली, रोपवाटिकेतली बाई. तुम्हालाही विचारलं असतं, पण ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही.’’

‘‘मग मला साक्षीदार करा.’’

मला समजेना. ‘‘अहो, मग तुम्हाला दुकान मिळणार नाही.’’

‘‘तेच तर सांगतोय.’’ त्याने चाक थांबवले. ‘‘दुकान घेतलं की लोक म्हणतील, मिटलं. काही मिटलेलं नाही, काकू. पण घर तुम्ही शुद्धीवर असताना मुलाला दिलंत, असं कोणी विचारलं तर मी सांगेन. सही करीन. आत मात्र येणार नाही. कागद फाटकावर आणा.’’

मला लाज वाटली. आयुष्यभर वाटली त्याहून जास्त वाटली. पण या वेळी मी तिथून पळाले नाही. त्याने स्टूल पुढे सरकवले, त्यावर बसले. तेव्हा दुकानही कलम दुसऱ्याप्रमाणे मुलाकडेच राहील.

वरील सर्व मी वाचून, समजून, डोके ठिकाणावर असताना लिहिले आहे.

ठिकाण: माझ्या घराचे फाटक, रस्त्याच्या बाजूचे.
दिनांक: सोमवार, सकाळी, झाडांना पाणी घालून झाल्यावर.

मृत्युपत्र करणारी: (सही) लॉन्ड्रीवाल्या काकू

साक्षीदार पहिली: मावशींनी माझ्यासमोर उभ्याने सही केली. डोके ठीक होते. (सही) रोपवाटिकेतली बाई

साक्षीदार दुसरा: काकूंनी माझ्यासमोर सही केली. शुद्धीवर होत्या. मला लिहायला कागद धरावा लागतो, तेव्हा कुबडी सुटते. म्हणून माझी सही होईपर्यंत कुबडी त्यांच्या मुलाने धरली. (सही) सायकलवाला