पांढऱ्या पोलादाला गेलेला तडा

९ नोव्हेंबर

आणखी एक गेली! चाकावर घासून झाली, पाणी पुसलं, उजेडात धरली — धारेवर आडवी रेघ. केसाएवढी. माशाचे काप करायची लांब सुरी, पांढऱ्या पोलादाची. हे ठोकून पाणी देतात, मी घासून धार लावते, एकतीस वर्षं असंच. या महिन्यातली ही चौथी. गोणपाटाखाली सरकवली. ह्यांना बोलले नाही.

१२ नोव्हेंबर

ओसाकाहून कुबोदेरा आला होता. माशाचं हॉटेल आहे त्याचं, बावीस वर्षं ह्यांच्याच सुऱ्या. फडकं सोडून सुरी माझ्यापुढे ठेवली. हळूच म्हणाला, "वहिनी, दादांना सांगू नका. पण धार दुपारपर्यंत टिकत नाही हो. बरे आहेत ना ते?"

"ठणठणीत आहेत!" म्हटलं. पुन्हा धार लावून दिली. वाकून वाकून गेला बिचारा. मला मेल्याहून मेल्यासारखं.

१३ नोव्हेंबर

ह्यांचे डोळेच. दुसरं काय असणार? पाणी देताना हे खिडक्यांना काळे पडदे लावतात, तापलेल्या पात्याचा रंग बघून ते पाण्यात बुडवतात. तो रंग एक क्षण असतो. निळ्या कागदात गुंडाळून येतं ते पोलाद जरा सांभाळून घेतं. पांढऱ्या कागदातलं नाही. थोडं जास्त तापलं की संपलं. आणि हे एकाहत्तरचे. परवा ह्यांनी सोया सॉस बशीच्या बाहेर ओतला — मी पुसून टाकला.

कसं सांगू? लोहाराला कोणी असं सांगतं का?

१७ नोव्हेंबर

आडून सुचवलं. "काही दिवस निळं घ्या की. गिऱ्हाइकं मागतात हल्ली."

"कोण मागतं?"

"मागतात."

"तोमी, निळं वाईट नाही. पण पांढरं सोडायचं ते मी मेल्यावर!" आणि हसले. मला हसता येईना.

२१ नोव्हेंबर

पाचवी. आज राहवलं नाही. गोणपाट उचललं, पाचही पाती त्यांच्यापुढे मांडली. एकेक उचलून त्यांनी अंगठा फिरवला. कितीतरी वेळ.

"पाण्यात तडकलं तर आवाज येतो गं. मला नाही आला."

"मग तडकली कशी?"

पात्यांकडे बघतच म्हणाले, "डोळे म्हणतेस ना?"

मी मान हलवली. का हलवली! गप्प राहिले असते तर निदान आजचा दिवस गेला असता.

२४ नोव्हेंबर

डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "थोडं धुकं आहे. वयाच्या मानानं डोळे चांगले आहेत की!" मी लगेच ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनी तेवढा एकच शब्द धरला. बसमध्ये दोनदा म्हणाले, "धुकं."

२६ नोव्हेंबर

भट्टी विझवली. चोपन्न वर्षांची. राखसुद्धा स्वतः उपसली, मला हात लावू दिला नाही. गेल्या आठवड्यात पाणी दिलेली बारा पाती उरली होती, ती निशिगुचीकडे, गावातल्या दुसऱ्या धारवाल्याकडे, पाठवून दिली. मी म्हटलं, "मी आहे ना!"

"तुझ्या हातात ती तडकलेली मला बघवत नाहीत."

२९ नोव्हेंबर

दिवसभर ओट्यावर बसून असतात. घणाचा आवाज नाही.

३ डिसेंबर

निशिगुची स्वतः पाती घेऊन आला. दारातूनच ओरडला, "दादा, काय पाणी दिलंय हो! बाराच्या बारा लखलखीत. एकाला तडा असेल तर नाव बदलीन."

ह्यांनी आतून माझी पाच पाती आणून त्याच्या हातात दिली. तो उलटसुलट बघत राहिला. मग आवाज उतरला. "वहिनी... ही चाकावर तापलीत. घासताना. दिलेलं पाणीच उतरलंय, म्हणून तडे."

मी ताडकन म्हटलं, "मला शिकवतोस? बोटांना चटका बसायच्या आत पातं उचलायचं, हे मी तेराव्या वर्षी शिकले!"

"होय, वहिनी," म्हणाला. खाली बघून चहा प्यायला, गेला.

हे माझ्या बोटांकडे बघत होते.

४ डिसेंबर

सकाळी हे समोर येऊन बसले. "डोळे मीट. उजवा हात दे. कुठलं बोट दाबतोय ते सांग."

मी मिटले. हात पुढे केला. वाट बघितली. शेवटी वैतागून म्हटलं, "अहो, दाबा की!"

"कधीचा दाबतोय," म्हणाले.