चिखलातली घोडी

रत्नागिरी, मंगळवार, सायंकाळ

माझ्या कादंबरीतला नायक आणि त्याची घोडी आजही चिखलातच रुतून आहेत. सुटकेचा उपाय मला ठाऊक आहे. लहानपणी पालीला आमची घोडी अशीच रुतली होती, तेव्हा वडिलांनी कोणाला दोर ओढू दिला नाही. पेंढा पसरून त्यांनी तिला कुशीवर लोळवले आणि ती सुटली.

मग मी लिहीत का नाही?

हे प्रकरण पत्नीने, सुधाने, रुग्णालयात वाचले होते. ती चिडलीच. “अहो, त्या मुक्या जनावराला आधी बाहेर काढा बघू!”

“उद्या काढतो,” मी म्हणालो. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली.

आज पेंढ्याचे वाक्य चारदा लिहिले, चारदा खोडले. घोडी बाहेर आली, की पुढचे प्रत्येक पान सुधाने न वाचलेले असणार.