हैफ्याचं भुयारी स्टेशन, मुक्काम पेण

हमरापूर, ता. पेण
अनंत चतुर्दशीनंतरचा गुरुवार, १९९४

प्रिय एल्या,

हमरापुराहून कान्हूचा कडकडून नमस्कार. डेबोरावहिनींनाही सांग. पोरांना मराठी समजत असेल तर आशीर्वाद, नसेल तर नुसता पापा. तुझी पाठ कशी आहे? इकडे सगळं ठीक. म्हणजे माझा अंगठा सुजलाय आणि पोपटशेठ माझ्याशी बोलत नाहीत, बाकी ठीक. तुझी आई उत्तम (घाबरू नकोस, स्टेशनातून धडधाकट बाहेर आली). कुठलं स्टेशन, तेच सांगायला बसलोय. पण माझं मलाच नीट कळलेलं नाही, तेव्हा सांभाळून घे.

तू लिहिलंस की आई हैफ्याला यायला तयार नाही, कान्हू, तूच तिला समजाव. तुझं घर डोंगरावर, बाजार खाली बंदराकडे, आणि जायला-यायला डोंगराच्या पोटातून गाडी. हन्नामावशीचं एकच पालुपद, "जमिनीखाली एकदाच जायाचं रे बाबा, आन् तवा तिकीट लागत नाय." मला मूर्तीची सोंड वळवता येते, तुझ्या आईचं मन नाही. तेवढ्यात आमच्या पेणच्या गणपती मंडळाची देखाव्याची बैठक लागली आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. म्हटलं, मावशी स्टेशनाकडे जात नाही ना, मग स्टेशनच मावशीकडे आणू.

तुझ्या पत्रातलं वर्णन मी बैठकीत मोठ्यांदा वाचलं. एकोणीसशे एकोणसाठ साली स्टेशन सुरू झालं, पुढे सहा वर्षं बंद पडलं, डागडुजी होऊन परवा परवा पुन्हा उघडलं, इथपर्यंत सगळे माना डोलवत होते. मग आला तो फलाट. फलाट म्हणे पायऱ्यांचा! आणि गाडीच्या डब्यालाही आत पायऱ्या! पोपटशेठ आमचे अध्यक्ष, त्यांनी आजवर धाटावच्या कंपन्यांना छपराचे पत्रे विकले, त्यांना कोणी फसवू शकत नाही. ते म्हणाले, "कान्हू, स्टेशन म्हंजे सपाट. आपल्या जिते गावचं बघ. पायऱ्या असत्या तर बाया पाट्या घेऊन चढल्या असत्या काय?" मी म्हटलं, शेठ, रूळच उतरता आहे. तर म्हणे, मग गाडी घसरत नाय? मग मी विहिरीच्या कप्पीचं उदाहरण दिलं: दोराला दोन्हीकडे बादल्या, एक वर तर एक खाली, तशा दोन गाड्या. हे सगळ्यांना पटलं. मग मंडळातला रघू म्हणाला, वरच जायचं तर आधी जमिनीखाली कशाला शिरायचं? एल्या, देवाशप्पथ, हे तुलाच विचारायचं ठरलं. तुला माहीत असेल तर कळव.

शेवटी ठरलं, पण भुयार खणायचं कुठे? आपली जमीन तुला माहीत आहे, हातभर खणलं की खाडीचं पाणी वर. म्हणून जमिनीखालचं स्टेशन आम्ही जमिनीवर उभारलं. बांबूची परांची, वर गोणपाट, त्यावर प्लास्टर. आत पायऱ्यांचा फलाट आणि कप्पीच्या दोराला दोन डबे, ते वर-खाली करायला रघूने हाताने चाक फिरवायचं. तू लिहिलं होतंस की भिंती साध्या, गुळगुळीत. मी साध्याच ठेवणार होतो, पण रंगाचा ब्रश हातात आला की माझा हात ऐकत नाही. चार कमळं झाली, मग कमळांना हत्ती लागले, हत्तींना झुली. (हैफ्याच्या स्टेशनात हत्ती नसतील तर आईला आधीच सांगून ठेव.) आणि गणपती मुद्दाम बाजूला वेगळ्या मखरात बसवला, तुमच्या यहुदी धर्मात मूर्तिपूजा नाही, मावशीला आत शिरायला अडचण नको म्हणून.

घोटाळा तिथेच झाला. आपल्या माणसाला पायऱ्या दिसल्या की तो चपला काढतो. पहिल्याच दिवशी आळीतल्या म्हाताऱ्या धोंडुबाईने तळाशी चपला काढल्या, पायरीपायरीवर हळद-कुंकू वाहिलं आणि वरच्या बंद दारासमोर हात जोडून उभी राहिली. मी सांगतोय, आजी, हे स्टेशन आहे. ती म्हणते, असू दे रे, देव कुठंबी असतो. तिच्यामागे अख्खी आळी लागली. खालचा डबा नारळांनी भरला. मग तोल राहावा म्हणून वरच्या डब्यात आम्ही नारळांच्या वजनाची वाळूची पोती चढवली. रघूला चाक फिरेना, म्हणून त्याने सगळे नारळ एकदम उतरवले. झालं! खालचा डबा भुर्रकन वर आणि वरचा सुसाट खाली, तो थेट पोपटशेठांच्या पोटावर. त्या वेळी ते तळाशी उभे राहून पाहुण्यांना हे यंत्र किती सुरक्षित आहे ते समजावत होते. मी मधे हात घातला, म्हणून अंगठा.

शनिवारी दिवस मावळल्यावर हन्नामावशी आली. तिने चपला काढल्या नाहीत, पदर खोचला, आत डोकावली आणि पहिल्याच पायरीवर थबकली. इतक्यात लाइट गेली! आत बाया होत्या, त्यांनी असा गलका केला की विचारू नकोस. मला वाटलं, संपलं, आता ही हैफ्याचं नाव काढायची नाही. तर काळोखातून तिचाच आवाज आला, "गो हौसा, वरडतेस कशाला? माजा हात धर. पायऱ्याच हायत, चढा." सगळ्यांना एकमेकींचे हात धरायला लावून तिने वरच्या दाराने बाहेर काढलं. बाहेर येऊन मला म्हणते, "एवढंच व्हय रे कान्ह्या? आमच्या तेलाच्या घाण्याच्या खोलीत याहून काळोख व्हता. लिही एल्याला, मी येते."

तर एल्या, तुझं काम फत्ते झालं. लोक माझी पाठ थोपटत होते आणि मी हत्तींकडे तोंड करून रडत होतो. जिंकलो की हरलो, ते अजून समजलेलं नाही. लोभ आहेच, तो तिकडच्या उन्हात सुकू देऊ नकोस.

तुझा,
कान्हू

ता. क. : स्टेशनात चपला काढायच्या की नाही ते नक्की कळव. मावशी रोज विचारते.

ता. क. दुसरा : काल तिने गोड पोह्यांचा मलिदा केला. माझी आई गेल्यापासून पहिला वाटा मला येतो, तसाच आला. या वेळी त्यासोबत घराची किल्ली होती. म्हणाली, मी गेल्यावर दार उघडून अधूनमधून वारा लागू दे.

ता. क. शेवटचा : एल्या, ती गेली तर मी कोणाकडे जाऊ रे? तुझं स्टेशन मागे एकदा सहा वर्षं बंद होतंच ना? मग पुन्हा बंद पडलंय, असं दोन ओळींत लिही. पत्र मीच तिला वाचून दाखवतो. तुझ्या अक्षरात असलं म्हणजे मला खोटं बोलावं लागणार नाही.