मृणाल इथे राहत नाही

सोम. ३ फेब्रु.
सकाळी वन्संचा फोन. नवरा सुटला, नणंद राहिली. माझ्या नशिबात एवढं तरी चांगलं. लेस्टरहून त्या रविवारी करतात. सोमवारी आला म्हणजे काहीतरी बिनसलं असणार.

मिलिंदने तिकडच्या कोर्टात अर्ज टाकलाय. लेस्टरचं घर दोघांच्या नावावर. विकायचं तर माझी सही लागते, आणि ती मी देणार नाही हे त्याला घटस्फोटापासून माहीत आहे. म्हणून आता म्हणतोय, सहमालकीण सापडतच नाही, तिच्याशिवाय विकू द्या. पुरावा काय, तर मी परत पाठवलेली त्याची पाकिटं.

पाकिटांवर पत्ता असायचा 'श्रीमती मृणाल मिलिंद देवस्थळी, कोथरूड'. मी लाल पेनाने वर लिहायचे: या नावाची बाई इथे राहत नाही. पूर्वी राहत होती असंही कोणाच्या ऐकिवात नाही. पोस्टमन म्हणायचा, काकू, 'नाकारले' एवढं पुरे. मला पुरत नव्हतं. फोनवरही तेच. "मृणाल?" ऐकलं की "इथे त्या नावाचं कोणी नाही", आणि ठेवून द्यायचे. मी वृंदा गोविंद खरे. जन्मापासून होते आणि आता परत आहे. गॅझेटात छापून घेतलंय.

त्या लाल ओळींचं रीतसर इंग्रजी भाषांतर करून जोडलंय म्हणे. वाचताना वन्संना हसू आवरेना. मला आलं नाही.

सुनावणी १५ एप्रिल.

मंगळ. ४ फेब्रु.
शिवाजीनगर. शेख मॅडम. घटस्फोटाचं काम यांनीच केलं होतं. सगळं ऐकून म्हणाल्या, "तुमचं उत्तर एकदम पुणेरी, ताई. पण त्याने ते नीट जपून ठेवलं."

मी स्वतः जाणं शक्य नाही. गुडघा, व्हिसा, सगळंच. तेव्हा माझ्या वतीने वन्संनी उभं राहायचं. त्यासाठी त्यांच्या नावे मुखत्यारपत्र (पुढे मु.प. लिहीन). आधी इथे नोटरी, मग मुंबईला मंत्रालयात गृह विभागाचा शिक्का, मग परराष्ट्र खात्याचं अपोस्टिल. ते चिकटलं की कागद तिकडे चालतो.

मॅडमना खरं तेच सांगितलं. मला ते घर नकोय. त्या गारठ्यात चौदा वर्षं काढली, भिंती रंगवल्या, पडदे शिवले, पुष्कळ झालं. पण त्याला ते सुखासुखी मिळता कामा नये. अडकून राहू दे म्हातारा होईपर्यंत. मॅडम म्हणाल्या, "हे कोर्टात बोलू नका."

शुक्र. ७ फेब्रु.
मसुदा तयार. मॅडमनी 'पूर्वीचे नाव मृणाल मिलिंद देवस्थळी' अशी ओळ घातली होती. खोडायला लावली. म्हटलं, ते नाव माझ्या कागदावर येणार नाही.
"अहो, मालमत्ता त्या नावावर आहे."
"बाई तीच आहे ना?"
"बाई तीच आहे हे आपल्याला माहीत आहे."
मी ऐकलं नाही. त्यांनी खांदे उडवले. शेवटी अशील म्हणेल तसं. नोटरीपुढे सही केली, वृंदा खरे, ठसठशीत. बाहेर येऊन उसाचा रस घेतला. फार दिवसांनी काहीतरी केल्यासारखं वाटलं.

मुंबईच्या शिक्क्यांसाठी कागद एजंटकडे दिले.

शनि. १ मार्च
अपोस्टिल होऊन आलं. मु.प.च्या पाठीवर छोटं चौकोनी स्टिकर. एवढ्यासाठी तीन आठवडे. हात फिरवून पाहिला. मिलिंदचा चेहरा डोळ्यासमोर आणून पाहिला, वन्सं कोर्टात शिरतात आणि हा वळून बघतो तो. तसाच कुरिअरला दिला (कागद).

बुध. १२ मार्च
वन्संचा फोन. कागद तिकडच्या वकिलाने परत केला.

"अगं, स्टिकर, शिक्के, सगळं त्याला मान्य आहे. तो विचारतो, ही वृंदा खरे कोण? तिचा या घराशी संबंध काय? घर मृणालचं आहे."
"मीच ती."
"मला सांगू नकोस. लग्नात मी ताट धरून उभी होते."

वन्संनी घटस्फोटानंतर मला एकदाही त्या नावाने हाक मारलेली नाही. नुसतं अगं-अगं करून वेळ मारून नेतात. आज पहिल्यांदा ते नाव घ्यावं लागलं. त्यांनाही जड गेलं, आवाजावरून कळत होतं.

म्हणजे मिलिंद म्हणतो मृणाल सापडत नाही, मी पाकिटावर लिहून देते मृणाल इथे नाही, आणि मु.प.तही मृणाल नाही. त्याचं काम मीच करून दिलं. संताप आला आणि तो काढायला समोर कोणी नाही. भांडी आपटली. दुपारी जेवले नाही.

गुरु. १३ मार्च
होळी. सोसायटीत खाली पेटवली होती. एरवी मी वरून बघते. आज उतरले. नैवेद्याची पोळी टाकली, प्रदक्षिणा घातली, आणि तोंडावर हात मारून बोंब मारली, मिलिंद देवस्थळीच्या नावानं, पूर्ण नाव घेऊन. शेजारच्या जोशीबाई दचकल्या. मग म्हणाल्या, "अजून एकदा मारा, मी पण मारते." दोघींनी मारली. घसा बसलाय. बरं वाटलं.

पण आगीकडे बघताना कळलं की त्याचं नाव घ्यायला मला काही वाटत नाही. अडचण आहे ती त्याने मला दिलेल्या नावाची.

शुक्र. १४ मार्च
मॅडमना फोन. सुटी असूनही उचलला. "झालं का समाधान?" एवढंच म्हणाल्या. मग कामाला लागल्या. नवं मु.प., दोन्ही नावांसकट. सोबत गॅझेटची प्रत आणि जुना पासपोर्ट. सही दोन्ही नावांनी, जुनी मालमत्तेच्या कागदावर आहे तशीच.

जुना पासपोर्ट शिलाई मशीनच्या पायाखाली होता. मशीन डुगडुगायचं म्हणून मीच घातला होता, मुद्दाम तोच. काढला. कव्हरला पायाचा गोल वळ. आत ती, लांब वेणी, मोठं कुंकू, घाबरलेले डोळे. बावळट. तिच्याकडे फार वेळ बघवेना.

सोम. १७ मार्च
नोटरी. मॅडमनी कोरा कागद पुढे केला, "आधी सराव करा, सही जुळली पाहिजे." म्हटलं, विसरले असेन. पेन टेकवलं आणि एका दमात झाली. मृणाल मिलिंद देवस्थळी. शेवटच्या ळीची गाठसुद्धा तशीच. हात काही विसरला नव्हता. हाताचा राग आला.

लग्नाच्या संध्याकाळचं ताट आठवलं. तांदूळ पसरलेले, आणि हा अंगठीने नाव लिहितोय. मला कोणी विचारलं नव्हतं. वन्संनी ताट धरलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "वृंदा छान आहे की, राहू दे ना." हा म्हणाला, "माझ्या नावाला शोभायला नको?" सगळे हसले. मीही हसले. पेढे वाटले. रात्री ते तांदूळ सासूबाईंनी डब्यात ओतले, आणि दुसऱ्या दिवशी मी त्यांचा भात केला.

नोटरीने विचारलं, "ही सही तुमचीच?"
म्हटलं, "हो."

शुक्र. २१ मार्च
मुंबई. या वेळी एजंटच्या भरवशावर सोडायचं नव्हतं. स्वारगेटहून पहाटेची बस. मंत्रालयात रांग, पास, परत रांग. खिडकीवरच्या बाईंनी दोन्ही नावं वाचली, वर बघितलं. "दोघी आल्यात का?" गंमत करत होत्या की विचारत होत्या, कळलं नाही. म्हटलं, "आल्यात." शिक्का मिळाला.

पुढचं अपोस्टिल एजंटकडून. पर्याय नाही. गुडघा सुजलाय.

शनि. ५ एप्रिल
आलं. लगेच कुरिअर. पोचेल का वेळेत? मॅडम म्हणतात, पोचेल. पण चेहरा तसा नव्हता.

शुक्र. ११ एप्रिल
पोचलं. वन्संनी फोनवर पूर्ण वाचून दाखवलं, मोठ्यांदा, इंग्रजीतून. मग म्हणाल्या, "आईच्या शेवटच्या आजारपणात तो एकदा फिरकला नाही. हे मी तुझ्यासाठी करत्येय असं समजू नकोस." म्हटलं, वन्सं, कोणासाठीही करा, नीट करा. त्या म्हणाल्या, हिरवी पैठणी नेसून जाणार. म्हटलं, थंडी असेल. "असू दे."

मंगळ. १५ एप्रिल
सकाळपासून काही सुचेना. भाजी करपली. तिकडे दहा म्हणजे इथे अडीच. अडीच वाजून गेले. चारही वाजून गेले.

पाचनंतर फोन. न्यायाधीशांनी मु.प. हातात घेतलं, मागचं स्टिकर बघितलं, दोन्ही सह्या बघितल्या. मिलिंदच्या वकिलाला विचारलं, सापडत नाही म्हणालात त्या बाई याच ना? तो कागद चाळत राहिला. निकाल नाही. जूनमध्ये पुढची तारीख. मिलिंदला स्वतः हजर राहायला सांगितलंय. विक्री तोवर थांबली. पुढे काय, वन्संनाही सांगता येईना. "पण त्याचं तोंड बघायला हवं होतंस," म्हणाल्या. बराच वेळ त्याच्या तोंडाबद्दलच बोललो.

फोन ठेवला, देवाला दिवा लावला, तेवढ्यात परत वाजला. लेस्टरचाच नंबर, पण वन्संचा नाही. उचलला. त्याचा आवाज, इतक्या वर्षांत ऐकला नव्हता इतका मऊ.

"मृणाल आहे का?"

खुर्ची ओढून बसले.

"आहे," म्हटलं. "बोला."