बोलपाटी मी थांबवली

नेरूळ, रविवार, १४ जून

अक्का,

आधी पाया पडतो, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे. तुझं पत्र फेब्रुवारीत आलं. आज लिहीन, उद्या लिहीन करत जून उजाडला. फोनवर "होतंय गं, होतंय" म्हणून मी सुटतो. कागदावर तसं सुटता येत नाही. जाड स्केचपेनानं लिहितोय, एका पानावर आठच ओळी. म्हणजे मनस्वीकडनं वाचून घ्यायला नको. लेकीपुढं सगळंच कशाला?

इकडं बरं आहे. मसाला मार्केटमधली हमाली सोडली, मग मोबाईलची कव्हरं विकली, त्याचाही कंटाळा आला. आता तिसरी नोकरी, आणि ही चक्क आवडतीय. सरकारी कचेऱ्यांचं काम ज्या बंद, बाहेरच्या इंटरनेटला न जोडलेल्या क्लाऊडवर गेलं ना, तुमचं पण, त्यात बाहेरच्या माणसानं केलेलं अ‍ॅप सोडायचं तर ते आधी आमच्याकडं तपासायला येतं. मला वाटायचं क्लाऊड म्हणजे वर कुठंतरी. तर महापेला एक बिनखिडक्यांची इमारत, आत कपाटंच कपाटं, आणि गारठा एवढा की वॉचमन ऐन मे महिन्यात कानटोपी घालून! त्याला विचारलं, आत असतं काय? म्हणाला, "कागद नसतात, एवढं नक्की."

माझं काम सोपं. अ‍ॅपची सगळी बटणं दाबायची, मग इंटरनेटची वायर उपटायची आणि काय बंद पडतं ते बघायचं. याला शिक्षण लागत नाही, खोड लागते.

खरं सांगू? ही नोकरी मी तुझ्यासाठीच धरली. तू लिहिलं होतंस, कचेरी क्लाऊडवर गेल्यापासून फायली वाचून दाखवणारी ती 'बोलपाटी' दिसेनाशी झाली, आणि दिवाळीपर्यंत तुला फायली वाचता आल्या नाहीत तर साहेब टेबल काढून घेऊन शिक्के मारायला बसवणार. चौकशी केली तेव्हा कळलं, बोलपाटी तपासायला आमच्याकडंच यायचीय. आली गेल्या सोमवारी.

वायर उपटली. बोलपाटी मुकी!

पुन्हा जोडली आणि तुझंच पत्र टाईप करून तिला वाचायला दिलं. तुला विचारायला पाहिजे होतं. "डावा डोळा गेला, उजव्याचं डॉक्टर काही बोलत नाहीत, कुणाला सांगू नकोस." छान बाईच्या आवाजात वाचलं तिनं. आणि शेजारच्या स्क्रीनवर, जिथं बाहेर जाणारं सगळं दिसतं, तिथं तेच वाक्य निघालेलं दिसलं. कुठं निघालं, कुणाच्या मशीनकडं, काय माहीत!

फॉर्मवर प्रश्न होता, मजकूर बाहेर जातो का? 'नाही' केलं असतं तर बोलपाटी याच आठवड्यात तुझ्या टेबलावर आली असती. माऊसचा बाण मी तिथं नेलाही. आमच्या वरच्या ईश्वरी मॅडमना विचारलं, काय करू? "दिसलं ते लिही. मला कशाला विचारतोस?"

मी 'हो' केलं. अक्का, बोलपाटी मी थांबवली.

ती बनवणारा रूपेश म्हणून आहे, उरणच्या मोरा बंदरावरचा, घरची मासेमारी. त्याला फोन केला तर भडकला. "आवाज माझा नाय रे, दुसऱ्या कंपनीकडनं घेतलाय! तो कुठं बसून बोलतो मला काय म्हाईत?" मी म्हटलं, मला पण तेच बघायचंय, आणि मग बोलतच सुटलो. त्यानं फोनच ठेवला.

आणि तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, ते वेळ नव्हता म्हणून नाही. डोळ्याचं वाचून घाबरलो. घाबरलो की मी नोकरी बदलतो, खोली बदलतो, पत्र लिहीत नाही.

थांब, बेल वाजतीय.

अक्का, रूपेश आलाय! मॅडमकडनं पत्ता काढला म्हणे. कॉम्प्युटर गोणीत बांधून आणलाय, आणि पाणीसुद्धा न पिता म्हणतो, "आवाज मशीनच्या आतच बसवू. मग वायर उपट नायतर दात. पन कोनाचा बसवायचा? हजारभर वाक्यं वाचावी लागतील." मी म्हटलं, शोधू कुणीतरी बाई. तर म्हणतो, "कशाला? फोनवर तुजं तोंड थांबत नव्हतं, तूच वाच."

दिवाळीपर्यंत होईल का विचारलं. "बघू," म्हणाला. मीही तेवढंच लिहितो. तो गोणी सोडतोय, मला जायला पाहिजे. पत्ता पाकिटामागं आहे. या वेळी तो बदलणार नाही.

तुझा,
कृष्णात