साफ केलेला चेहरा

वज्रेश्वरी,
४ फेब्रुवारी २०२४

चि. सुमित यास,
आत्याचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

तुमची दोघांची खुशाली कळव. सूनबाई धम्मदिना म्हणते, फोन करत जा. पण फोन कानाला लावला की माझं कानातलं मशीन शिट्टी मारतं, आणि तुम्ही काय बोलता ते तुमचं तुम्हालाच ठाऊक. त्यापेक्षा पत्र बरं. जन्मभर अंगणवाडीची रजिस्टरं लिहिली, हात अजून चालतो.

काम असं आहे. अंबाडीला नरेंद्रसाठी एक स्थळ आलंय. मुलगी झेरॉक्सच्या दुकानात बसते, माणसं सरळ आहेत. त्यांनी त्याचा फोटो मागितलाय. मोबाईलवरचा नको, हातात धरून घरातल्यांना दाखवता येईल असा पाहिजे. माझा लेक तुझ्याच खोलीत राहतो आणि तुमच्याच घरी जेवतो, तेव्हा एखाद्या रविवारी त्याची दाढी करून त्याला तुझ्यासमोर बसव. तू जगाचे फोटो काढून विकतोस, भावाचा फुकट काढायला हरकत नसावी.

गालावरची खूण तेवढी दिसू देऊ नको. रांगता होता तेव्हा त्यानं चुलीवरच्या पेजेचं पातेलं अंगावर ओढून घेतलं, आणि मी तेव्हा पाणी भरायला गेले होते. मला आता ती खूण दिसतसुद्धा नाही, पण लोकांना आधी ती दिसते आणि मग नरेंद्र. दोन स्थळं त्यावरूनच गेली. ठरलं की बघतीलच ते. तोवर फोटोत कशाला.

धम्मदिनेला माझी माया सांग. उत्तर लवकर टाक.

तुझी
मीराआत्या

*

भिवंडी,
१५ फेब्रुवारी २०२४

ती. आत्यास,
सुमितचा पायांवर डोकं ठेवून जयभीम.

सोबत फोटो पाठवतोय. पुठ्ठ्यात घातलाय, पोस्टमनने दुमडला तर त्याला तुझ्या भाषेत चार शब्द ऐकव.

नरेंद्र बसायला तयार नव्हता. काल्हेरच्या गोडाऊनमधून ड्युटी करून आलेला, म्हणाला मी काय नवरदेव आहे का. मी म्हटलं, तेच व्हायला बसवतोय. डावा गाल साफ करायला मला अख्खी संध्याकाळ लागली. कॉम्प्युटरवर उजव्या गालाची कातडी उचलायची आणि डावीकडे बसवायची, मग सावली जुळवायची. प्रिंट बाहेर आल्यावर तो हातात घेऊन खिडकीपाशी गेला आणि बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, हा बरा दिसतो. मला हसू आलं, आणि नंतर जरा वाईटही वाटलं.

माझं बरं चाललंय. आठवडाभर सायझिंगमध्ये सुताला खळ द्यायची ड्युटी, आणि रविवारी खोलीच्या दारात पडदा लावून फोटो. लूमवरचे यूपीचे कारागीर गावी पाठवायला फोटो काढून घेतात. प्रत्येकाचं एकच सांगणं, भैया, थोडा साफ कर देना. कोणाचे डाग काढतो, कोणाची डोळ्याखालची काळी वर्तुळं. मला खरं तर लूमवरच्या उजेडाचे, पहाटेच्या खाडीचे फोटो विकायचेत, पण ते कोण घेणार? नाही म्हणायला काल्हेरला एका नव्या इमारतीच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये लावायला खाडीचे तीन फोटो गेले. पाण्यातला कचरा काढून टाका म्हणाले. टाकला काढून. माझा हात आता त्यात चांगला बसलाय.

अंबाडीचं काय ठरतं ते कळव. तब्येतीला जप आणि आमच्यावर नजर असू दे.

तुझा
सुमित

*

भिवंडी,
१० मार्च २०२४

ती. आत्यास,
जयभीम.

शेजारच्या तुळजाच्या फोनवरून तुला कळलंच आहे. तिने तुझ्या कानात ओरडून काय सांगितलं आणि तुला काय ऐकू आलं कोण जाणे, म्हणून सगळं लिहितो.

नरेंद्र मंगळवारी रात्रीच्या शिफ्टला गेला. शिफ्ट संपवून बाहेर पडला हे गोडाऊनवाले सांगतात. रस्त्यावर ट्रकांची रांग लागली होती म्हणून रिक्षा न बघता चालत निघाला, असं बरोबरचा एक जण म्हणाला. त्यानंतर तो कोणाला दिसलेला नाही. फोन बंद आहे. ओळखपत्र गोडाऊनच्या कपाटातच सापडलं. भांडण नाही, कर्ज नाही, दारू तर तो पीतच नाही.

चौकीत तक्रार दिली आहे. मी सुट्टी टाकलीय. तुझ्याकडे पाठवलेल्या फोटोच्याच भरपूर प्रिंट काढल्या, खाली माझा नंबर घातला, आणि नाके, डेपो, रिक्षा स्टँड, सगळीकडे चिकटवल्या. भिवंडी-ठाण्यातले दवाखाने एकेक करून फिरतोय. सगळीकडे काउंटरवर प्रिंट देतो, ती माणसं आत जाऊन बघून येतात आणि मान हलवतात. प्रत्येक वेळी आधी बरं वाटतं, की तो इथे नाही.

तू भिवंडीला येऊ नकोस. तो परस्पर घरी आला तर दारात कोणीतरी हवं. सोबत काही प्रिंट पाठवतोय, तिकडे लावून घे. धम्मदिना रोज त्याचं ताट वाढून झाकून ठेवते. आपला माणूस सापडेल, आत्या. धीर धर.

तुझा
सुमित

*

वज्रेश्वरी,
१५ मार्च २०२४

चि. सुमित यास,
जयभीम आणि आशीर्वाद.

फोटो पोचले. तुळजानं आणि मी गरम पाण्याच्या कुंडांकडच्या दुकानांवर लावले, एसटीच्या थांब्यावर लावला. अंबाडीच्या नाक्यावर मी स्वतः जाऊन लावून आले. चिकटवताना दोन बायका थांबल्या, पोरगा दिसायला किती छान आहे म्हणाल्या. मला त्या वेळीही बरं वाटलं, काय सांगू तुला. आईचं मन मेलं असंच असतं.

तुझ्यासारखा फोटो काढणारा घरात आहे म्हणून निदान एवढं तरी झालं. नाहीतर कोणाला काय दाखवलं असतं? तो पुण्याबिण्याकडे गेला असेल का? मागे एकदा म्हणाला होता, तिकडच्या गोडाऊनला पगार बरा आहे. पण न सांगता जाणारा तो नाही.

मी दार लावून झोपत नाही. तू जेवत जा. जेवला नाहीस तर फिरणार कसा. खबर लागली की तुळजाला फोन कर, रात्र असली तरी कर.

तुझी
मीराआत्या

*

भिवंडी,
६ एप्रिल २०२४

ती. आत्यास,
जयभीम.

परवा तुझ्यासमोर बसून सगळं सांगितलं. नरेंद्रला कंटेनरची धडक, कोणा टेम्पोवाल्यानं दवाखान्यात पोचवणं, शुद्ध न येताच जाणं, आणि कोणी न आल्यामुळे बेवारस म्हणून परस्पर अग्नी देणं. पण घरात माणसं होती, तू माझा हात धरून बसली होतीस, आणि त्यातली एक गोष्ट माझ्या तोंडातून निघाली नाही. ती लिहितो. वाचल्यावर माझं तोंड बघायचं की नाही ते तू ठरव.

त्या दवाखान्यात मी गेलो होतो. तो आत होता, आणि जिवंत होता. मला आत सोडत नव्हते, म्हणून दारावरच्या वॉर्डबॉयकडे प्रिंट दिली. तो आत जाऊन आला आणि म्हणाला, असा कोणी नाही. मी त्याला सलाम करून पुढच्या दवाखान्यात गेलो.

आता ओळख पटल्यावर मी त्याच वॉर्डबॉयला जाऊन भेटलो. भांडायलाच गेलो होतो. त्याला मी आठवत होतो. बिचारा म्हणाला, साहेब, आमच्याकडच्या माणसाचा डावा गाल भाजलेला होता, तुमच्या फोटोतला गाल चांगला होता, मी दोनदा बघितलं. मी काय भांडणार?

चौकीत मी खूण लिहून दिली होती. पण अपघात दुसऱ्या चौकीच्या हद्दीत झाला, कागद जुळायला वेळ लागला. दवाखान्यांत मात्र मी तोंडानं एकदाही सांगितलं नाही की गालावर भाजल्याची खूण आहे. हातात फोटो आहे म्हटल्यावर सांगायचं काय, हीच माझी सवय. त्याचा साधा फोटोही माझ्याकडे होता. साफ केलेला जास्त चांगला होता, म्हणून त्याच्याच प्रिंट काढल्या.

शेवटी ओळखला तो पोलिसांनी काढलेल्या फोटोवरून. फ्लॅश मारून, वरून, घाईत काढलेला. पण त्यात खूण होती. मी हवालदाराला विचारून मोबाईलवर त्या फोटोचाही फोटो काढून घेतला. का काढला ते मला सांगता येणार नाही.

जयंती झाली की पुढच्या रविवारी नरेंद्रच्या नावानं पुण्यानुमोदन. मोठा फोटो सुमित करून आणेल असं त्या दिवशी सगळेच म्हणाले. कोणता आणू? रविवारचा पडदा मी काढून टाकलाय. लोक येतात, धम्मदिना त्यांना परत पाठवते.

तुझा
सुमित

*

वज्रेश्वरी,
१२ एप्रिल २०२४

चि. सुमित यास,
जयभीम.

तुझं पत्र दोन दिवस उशाशी ठेवलं आणि आज उत्तर लिहितेय. वाचलं तेव्हा तू समोर असतास तर मी तुला मारलं असतं. मग माझं पहिलं पत्र आठवलं. खूण झाकायला मीच सांगितलं होतं. नाक्यावर फोटो मी माझ्या हातानं लावला, आणि त्या गालाकडे बघूनही मला काही सुचलं नाही. तेव्हा तुला एकट्याला धरून काय करू? पण यात तू सुटलास असं समजू नकोस. मीही सुटले नाही. आपण दोघं आता असेच राहणार.

अंबाडीच्या लोकांनी फोटो परत पाठवला. तशी रीतच आहे, त्यांचं काही चुकलं नाही. तुळजा म्हणाली, हाच फ्रेम करू, किती छान हाय. मी म्हटलं, न्हाय, हा पोरगा माझ्या घरात कधी नव्हता. तिला कळलं नाही.

पुण्यानुमोदनाला साधा फोटो आण, खुणेसकट. लोक त्याला फुलं वाहतील.

आणि दुसरा, पोलिसांनी काढलेला, तोही कागदावर काढून आण. तो लोकांपुढे ठेवायचा नाही. तुम्ही सगळे म्हणाल आत्यानं बघू नये, धम्मदिना रडेल, पण माझं ऐक. तो तिथे पडला होता तेव्हा त्याच्याजवळ कोणी नव्हतं. अग्नी दिला तेव्हा नव्हतं. त्याच्या आईनं त्याचं तोंड बघितलेलं नाही. रक्त असेल तर असू दे, डोळे कसे असतील तसे असू दे. त्याला तुझा हात लावू नकोस, सुमित. जसा होता तसा आण. मी दार लावून एकटी बघेन.

पुण्यानुमोदनाच्या रविवारी सकाळच्या गाडीनं ये. माया आहे तेवढी आहे, ती तुझ्यावरची कमी करता येत नाही.

तुझी
मीराआत्या