कडू घास

३ नोव्हेंबर

चावी माझ्या हातात! ज्याचं घर मी विकत घेतलं तो कानिओ सकाळी तोरिनोहून आला. शहरात जाऊन घराच्या कागदांवर सह्या केल्या आणि दुपारी चर्चखालच्या पायऱ्यांवर त्याने ती लांबलचक लोखंडी चावी माझ्या तळहातावर ठेवली. "घे झाम्फिरा. आता तुला कुणी ऊठ म्हणणार नाही." खाली तबेला, बाहेरच्या दगडी पायऱ्यांनी वर एक खोली, कोपऱ्यात पावाची भट्टी. छप्पर जागोजागी गळतं. गळू दे. माझं आहे!

रुमानिया सोडल्यापासून इटलीतल्या ह्याच गावात म्हाताऱ्यांची अंगं पुसली. दर वेळी दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या खाटेशेजारी. वसंतात इंकोरोनाता आजी माझ्या मांडीवर गेली, तिचे डोळे मी मिटले. पण कडू घास, दुखवट्याच्या घरी शेजारी आणतात ते जेवण? शेजारणींनी झाकलेली पातेली माझ्या नाकासमोरून तिच्या माहेरी नेली. इथे मेलेल्याचा कडू घास तो जन्मला त्या घरी जातो. आता तिथे कोण राहतं हे कुणी विचारत नाही. तिथे एक भाची निघाली, जिने आजीला कधी पाणी पाजलं नव्हतं. ती बसून जेवली. मी दारात उभी!

जाऊ दे. आज आनंदाचा दिवस.

कानिओचा भाऊ वित्तुच्चो समोरच राहतो. मी दार उघडलं तसा खिडकीतून थुंकला. नेम चांगला आहे, बरोबर उंबऱ्यावर. वाटणीत कानिओला घर आलं, ह्याला द्राक्षमळा. मळा ह्याने पिऊन टाकला. त्यात माझा काय दोष?

५ नोव्हेंबर

खिडकीतून दगड आला. मी मामालिगा ढवळत होते. काचा थेट पातेल्यात! खाली रस्त्यावर वित्तुच्चो ओरडत होता, "मक्याचं पीठ डुकरं खातात! माझ्या आईच्या भट्टीवर डुकराचं खाणं!"

तोच दगड मी परत फेकला. त्याच्या दाराचं कवाड चिरलं. आता बरं वाटतंय.

६ नोव्हेंबर

दुसरी खिडकीही गेली.

९ नोव्हेंबर

माझी ठिपक्यांची कोंबडी. मान पिरगाळून दाराच्या कडीला टांगलेली. अजून कोमट होती.

रडले. मग बसून पिसं काढली, सूप केलं, आणि खुर्ची बाहेर आणून त्याच्या खिडकीसमोर भुरके मारत प्यायले. शेजारची मिंगुच्चा मावशी बाल्कनीतून म्हणाली, "मीठ पाहिजे का गं?" मी म्हटलं, "नको मावशी, डोळ्यातलं पुरेसं पडलंय." ती हसली नाही.

१४ नोव्हेंबर

पाव आणायला निघाले तर चर्चच्या भिंतीवर काळ्या चौकटीत मी! नाव, वय सगळं. "झाम्फिरा, रुमानियावाली, अकस्मात निधन." आणि खाली: "कडू घास पाठवू नये. हिचं जन्मघर इथं नाही."

डोक्यात तिडीक गेली. कागद ओरबाडला, खळ अजून ओली होती. तशीच बारमध्ये घुसले. वित्तुच्चो पत्ते खेळत होता. कागद त्याच्या थोबाडावर थापला. तो उठला आणि हातातल्या पत्त्यांसकट माझ्या तोंडात मारली. दात हलला. मी टेबलावरची बाटली उचलून हाणली. भुवई फाटली, रक्त पत्त्यांवर. एकही पुरुष जागचा हलला नाही. एकजण एवढंच म्हणाला, "वाइन सांडली की."

वित्तुच्चो डोळ्यातलं रक्त पुसत माझ्या अंगावर ओरडला, "मी मेल्यावर माझा कडू घास कुणाच्या दाराशी जाणार? बोल! तुझ्या?"

मी कागद उचलला आणि बाहेर पडले.

१५ नोव्हेंबर

तोंड सुजलंय. मिंगुच्चा मावशी बर्फ घेऊन आली.

"तो काही खोटं बोलला नाही. ह्याच खोलीत जन्मला, भट्टीच्या उबेला. त्याचं ताट इथंच येणार."

"मग त्याच्या घरी न्या! समोर तर आहे!"

"ते घर भाड्याचं. आणि रीत म्हणजे काय पडदा आहे, काढला आणि धुवायला टाकला?"

"कानिओला तोरिनोत पाठवा."

"तोरिनोत सूप पोचेपर्यंत विटेल, बावळट."

मी विचारलं, तुम्हीसुद्धा त्याच्याच बाजूच्या का? मावशीने बर्फ माझ्या गालावर जरा जोरातच दाबला. "मी गल्लीच्या बाजूची."

ह्याचा अर्थ काय घ्यायचा? मला फक्त दार लावून झोपायचंय. एवढंही जास्त आहे का?

२२ नोव्हेंबर

त्याने माझ्या तबेल्यात शेण ओतलं. पाटीत भरून त्याच्या दारात परत. आम्ही दोघंही आता बोलत नाही, नुसती कामं करतो.

२८ नोव्हेंबर



दुपारी तो कुऱ्हाड घेऊन आला. पिऊन. दार फोडायला लागला — माझं दार! पहिल्या घावात फळी फुटली, पातं आत आलं. मी भट्टीचं लोखंडी फावडं घेतलं आणि दार स्वतःच उघडलं. हो, उघडलं! किती दिवस फळीमागे उभं राहायचं? त्याने कुऱ्हाड उगारली. मी मनगटावर मारलं. हाड मोडल्याचा आवाज आला. कुऱ्हाड पायऱ्यांवरून खणखणत खाली गेली.

इथं थांबायला हवं होतं. तो मोडका हात पोटाशी धरून उभा होता, तोंड उघडं, लहान मूल रडण्याआधी उघडतं तसं. हातात काही नव्हतं. मी पुन्हा मारलं. डोक्यावर. कोंबडीसाठी, दातासाठी, त्या काळ्या चौकटीसाठी. तो मागच्या मागे पायऱ्यांवरून गेला, थेट तळाशी.

वर पाहिलं. बाल्कनीत मिंगुच्चा मावशी. समोर दोघीतिघी आणखी. मग एकेक खिडकी मिटत गेली.

२९ नोव्हेंबर

पोलीस आले. वित्तुच्चो शहरातल्या दवाखान्यात आहे, बेशुद्ध. मी तोंड उघडणार तोच मावशी मध्ये आली. दंडाला असा चिमटा काढला की निळं पडलंय. "घसरला, साहेब. पायऱ्या ओल्या, पोटात दारू. गल्लीतल्या कुणालाही विचारा." त्यांनी विचारलं. घसरला. घसरला. घसरला.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं. पण भीती वाटते. ह्या बायका फुकट काही देत नाहीत.

१ डिसेंबर

पायऱ्या घासल्या. दगडाने रक्त पिऊन टाकलंय, जात नाही. सकाळी वाटतं मरावा मेला. दुपारपर्यंत वाटतं, देवा, उठू दे त्याला, खिडकीतून थुंकू दे.

४ डिसेंबर

घंटा झाली. मेलेल्याची.

खिडकीतून पाहिलं — मिंगुच्चा मावशी पुढे, हातात झाकलेलं पातेलं, मागे सगळी गल्ली काळ्या कपड्यात. सगळ्या वर आल्या. एकीने फुटक्या दाराचं एक कवाड लावून घेतलं, दुखवट्याच्या घरी लावतात तसं. मावशीने माझ्या टेबलावर ताट वाढलं. सूप, वर सोललेलं अंडं.

"खा," ती म्हणाली. "त्याच्या घरचं माणूस आता तूच."

सगळ्या उभ्या राहून बघत होत्या. मी खाल्लं.